रावजी आणि वर एक मॅटिंग

अराद, बहरीन
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

प्रिय रावजी,

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघं मजेत आहोत. तुझ्या आईला आणि शेवंतीवहिनींना नमस्कार, श्रेयाला आशीर्वाद. भात कापून झालं का? इकडचं ऊन एकदाचं उतरलं. शुक्रवारी सकाळी बुसैतीनच्या मैदानावर आता माणसाला उभं राहवतं.

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तू ‘हां’, ‘बरंय’ आणि ‘ठेवतो’ एवढ्या तीन शब्दांत आटपतोस. पत्र मध्येच ठेवता येत नाही, म्हणून हा उद्योग. संतोष दिवाळीला गावी येतोय, त्याच्या बॅगेत हे पत्र, खजुराचा डबा आणि श्रेयाला हवा होता तो कॅल्क्युलेटर दिलाय. संतोष इथलं आणखी काही सांगेल, त्यातलं अर्धंच खरं मान. ड्रायव्हर माणूस, वळणं घेतल्याशिवाय त्याला काही सांगता येत नाही.

टीमच्या बातम्या सांगतो. यंदा लीगचा बाजार फार चढलाय. जयेशशेठनी केरळहून एक ओपनर आणलाय. व्हिसावर ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’. परवा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, सर, इथे नक्की कशाची क्वालिटी बघायची असते? मी म्हटलं, ऑफस्टंपच्या बाहेरच्या बॉलची. पगार साडेतीनशे दिनार! तुला अकराव्या वर्षी एकशे साठ होता, आणि त्यात तू सहा दिवस स्टोअर सांभाळून सातव्या दिवशी पहाटे पिचवर मॅटिंग अंथरायचास, खिळे ठोकायचास आणि मग पॅड बांधायचास. पगाराची शीट मीच करतो, त्यामुळे हे मला कोणी दाखवून द्यायला नको.

आपल्या लीगचं आहेच हे असं. खेळाचा पगार कागदावर कुठेच नसतो. व्हिसा प्लंबरचा, पगार प्लंबरचा, आणि यॉर्कर चांगला पडत असला की गळका नळ कोण बघणार हे कोणी विचारत नाही. अकरा वर्षांत ज्याने व्हिसावर लिहिलेलं काम खरोखर केलं असा आपल्या टीममध्ये एकच खेळाडू होता. स्टोअरकीपर लिहिलं होतं आणि स्टोअर सांभाळत होता.

खिजर टीम सोडून गेला, हे तुला कळलं का? सेमीफायनलच्या आठवड्यात तिसऱ्याच एका कंपनीने त्याला चाळीस दिनार वाढवून दिले. “खलास, शिरीषभाई, माफ करना,” म्हणाला आणि बॅग उचलून निघाला. बॉल मात्र बुटात घुसवायचा पठ्ठ्या. आमच्याकडून एकूण नऊ मॅच खेळला. सेमीफायनल आम्ही हरलो. सतरा बाय गेले, रावजी. सतरा! विकेटमागे जो उभा होता त्याचं नाव लिहून शाई वाया घालवत नाही.

जुफेरच्या आपल्या नाश्त्याच्या हॉटेलात टीव्ही अजून तसाच चालू असतो आणि त्यावर अमेरिकन लोकांचा बेसबॉल असतो. तू पहिल्यांदा कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, बघितलास तेव्हा म्हणाला होतास, “सगळी टीम उभी नि एकटा ह्योच बसलाय. ह्यो आमच्यातलाच दिसतोय, साहेब.” तेव्हापासून तिथे गेलो की माझी नजर त्या बसलेल्या माणसाकडेच जाते. आता त्यांचा मोसम संपत आलाय, म्हणजे खरेदी-विक्री सुरू होईल. माझं मत तुला तोंडपाठ असेल. बॉल टाकणाऱ्या पिचरला आठ-आठ वर्षांचे करार देणं म्हणजे मोहर बघून पेटीचा भाव ठरवणं. पण त्यांचं एक मानावं लागतं. तिकडे करार झाला की पैसे पक्के. कोपर गेलं, खांदा गेला, हात गेला, तरी पगार थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण खाडाखोड केलेलं पत्र दिवाळीत पाठवणं बरं दिसत नाही.

उजवा हात कसा आहे? थंडी पडली की ठणकतो का? जेवताना डावा वापरतोस असं संतोष म्हणाला. हे तरी त्याने वळण न घेता सांगितलं.

तुझ्या कामाच्या कागदांबद्दल श्रेयाने विचारलं होतं. शोधतोय. फायली इकडच्या तिकडे झाल्यात. सापडलं काही तर कळवतो.

तुझा मॅनेजर,
शिरीष

*

अराद
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रावजी,

नमस्कार. हे कुरियरने पाठवतोय, घाईत आहे.

श्रेयाचा मेसेज आला. किती नीट बोलते रे पोरगी. “काका, कंपनीवाले म्हणतात पप्पा स्टोअरकीपर होते, मशीनजवळ जायचं त्यांचं कामच नव्हतं, ते स्वतःहून गेले. म्हणून विम्याने दावा नाकारलाय. अपिलाला एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत आहे. पप्पांना तिथे कामाला लावलं होतं असं काही लेखी आहे का?” मी तिला उत्तर पाठवलं, बघतो बेटा.

दोन बोटं गेली ती स्वतःच्या हौसेनं गेली, असं लिहायला त्यांचा हात धजावला तरी कसा! चौदा वर्षं विकेटकीपिंग केलेला माणूस स्वतःची बोटं कुठे घालावीत आणि कुठे नाही हे जाणत नसेल? अकरा वर्षं आमच्याकडे आणि त्याआधी गावच्या टीमला तीन वर्षं, एक नख कधी तुटलं नाही तुझं. मीना सलमान बंदराजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये दीड महिन्यात तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

संताप लिहून मोकळं होता येतं, म्हणून एवढं लिहिलं. खरं सांगायचं तर गेले काही दिवस मला एकच सकाळ आठवते. जानेवारीतली. तू स्टोअरमध्ये पाइपांच्या जोडण्या मोजत होतास. मी आलो आणि म्हटलं, रावजी, मोठी बातमी. खिजरच्या कंपनीला अनुभवी कीपर हवाय, त्याला सोडायला तयार आहेत, पण बदल्यात तुला मागतायत.

तू हातातलं खाली ठेवलंस.

“मला मागितलानी, साहेब? नाव घेऊन?”

मी म्हटलं, नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी तू मनाम्याहून पेढे आणलेस. सगळ्या ऑफिसला वाटलेस. जयेशशेठना दिलेस, गेटवरच्या वॉचमनला दिलेस. माझ्या टेबलावर दोन ठेवलेस. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी मागणी घालतंय याचं तुला कोण अप्रूप वाटलं होतं. नवे ग्लोव्हज घेतलेस, ते मला दाखवायला आणलेस. मी त्यांची किंमत विचारली.

या पत्रात मी खोटं काही लिहिलेलं नाही. पण पूर्णही लिहिलेलं नाही.

शिरीष

*

अराद
५ डिसेंबर २०२५

प्रिय रावजी,

क्षेमकुशल नंतर. आधी कामाचं.

कागद शोधतोय असं मी दिवाळीत लिहिलं, ते खोटं होतं. कागद कधी हरवलाच नव्हता. तुझा हात मशीनमध्ये गेल्याचं कळलं त्या दिवशी मी तो ऑफिसच्या ड्रॉवरमधून घरी आणला आणि आर्याच्या जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवला. तेव्हापासून तिथेच होता. उल्कालाही ठाऊक नव्हतं.

तो कसला कागद आहे ते सांगतो. ते सांगायचं तर जुफेरच्या हॉटेलातला तो शुक्रवार सांगावा लागेल.

मॅच झाली होती. जयेशशेठ, मी आणि समोर चिराग, म्हणजे ज्यांच्याकडे तू गेलास त्या कंपनीचा आणि टीमचा मॅनेजर. तू बाहेर होतास. टीव्हीवर बेसबॉलची जुनी मॅच आणि मी नेहमीप्रमाणे शहाणपणा शिकवत होतो. सांगत होतो की तिकडे ‘ट्रेड’ असतो, पैशाला हात न लावता माणसाच्या बदल्यात माणूस. खेळाडूला विचारतही नाहीत. सकाळी फोन येतो, तुझं शहर बदललं. जयेशशेठना ही कल्पना बेहद्द आवडली. चिराग म्हणाला, खिजर देतो, पण माझा एक माणूस कमी होईल. मला मोबदल्यात माणूस द्या, वर्कशॉपला हात कमी पडतायत.

“कोणता माणूस द्यायचा?” जयेशशेठनी विचारलं.

मी म्हटलं, रावजी.

तुला कोणी मागितलं नव्हतं. त्यांच्याकडे कीपर होता, एकवीस वर्षांचा. तुझं नाव मी घेतलं. तुझे गुडघे गेलेत, वर्षभराने तू तसाही बाहेर बसणार, असं मी मनाशी म्हटलं. ते खरंही असेल. पण ते तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पेढे खाल्ले.

अजून संपलं नाही. चिरागने तोंड वाकडं केलं. “सिर्फ रावजी? ऊपर से कुछ दो ना, शिरीषभाई.” हॉटेलच्या काचेतून तू दिसत होतास. पिकअपवर आपलं नवं मॅटिंग गुंडाळून दोरीने बांधत होतास, गुडघा टेकवून, तुझी ती गाठ. मी म्हटलं, नवीन मॅटिंग देतो. झालं, सौदा जमला. स्कोअरशीटच्या पाठीवर लिहिला. सगळे हसत होते, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी चिरागचा माणूस येऊन मॅटिंग उलगडून बघून गेला, कड्यासुद्धा मोजल्या. तुझ्याबद्दल त्याने एकच विचारलं, सीपीआर कार्डाची मुदत कधी संपतेय.

कागद इंग्रजीत आहे, श्रेया वाचेल, पण तू आधी माझ्याकडून ऐक. त्यावर लिहिलंय: ‘खिजर आम्हाला. रावजी आणि वर एक मॅटिंग तुम्हाला. रावजी स्टोअरच्या व्हिसावर राहील, काम वर्कशॉपच्या कटिंग मशीनवर. त्याला खेळवायची सक्ती नाही.’ खाली तारीख आणि दोन सह्या. उजवीकडची चिरागची.

‘काम कटिंग मशीनवर.’ जे ते आज नाकारतायत ते त्यांच्याच मॅनेजरने सही करून दिलंय. तुमच्या वकिलाला एवढं पुरे. आणि मी हे दहा महिने दाबून ठेवलं.

का, तेही सांगतो. या कागदाने माझंही नाव पुढे येतं. खेळाडू प्लंबर म्हणून आणायचे, स्टोअरकीपर मशीनवर पाठवायचा, हे सगळं पगाराच्या ज्या शीट्सवर बसवलं त्या माझ्या हातच्या आहेत. वय त्रेपन्न, आर्या बारावीत. या वयात पुण्यात मला कोण नोकरी देणार? हे एक कारण. तेवढंच असतं तर बरं झालं असतं, माणूस घाबरला म्हणून मोकळा झालो असतो.

दुसरं कारण असं की कागद दाखवला की तुला कळणार, तुला कोणी मागितलं नव्हतं. दोन बोटांसोबत हेही जाणार. मी स्वतःला समजावत होतो की मी तुझ्या मनासाठी गप्प आहे. रोज समजावत होतो. तुझ्या घरी दाव्याचे कागद परत येत होते आणि मी इथे तुझं मन जपत होतो!

मग मागच्या आठवड्यात जेवताना बेसबॉलचा विषय निघाला. मीच काढला, दुसरं कोण काढणार. तिकडे आता नव्या करारांवर सह्यांचा हंगाम आहे. आर्याला सांगत होतो की त्यांच्यात एक चांगला नियम आहे. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच सलग त्याच संघात गेली, की त्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही. तो नाही म्हणाला तर नाही. मग मालक कितीही मोठा असो.

आर्या मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते, तुला माहीत आहे. वाटीतलं वरण ढवळत म्हणाली, “रावजी अंकल हॅड इलेव्हन, राइट?”

मी हो म्हटलं.

“सो डिड यू आस्क हिम?”

उल्काने माझ्याकडे बघितलं. मी आणखी भात वाढून घेतला.

हा नियम मला जुफेरमध्ये त्या शुक्रवारीही ठाऊक होता, रावजी. गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे. फोन करून शहर बदलतात हे मी शेठना रंगवून सांगितलं आणि हे तेवढं गाळलं. विसरलो नव्हतो. हे सांगितलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, मग विचारू या की रावजीला, बाहेरच तर आहे. तू दहा पावलांवर होतास. काच होती फक्त मध्ये.

तू नाही म्हणाला असतास. तुला ती टीम सोडायची नव्हती हे मला कोणी सांगायला नको होतं.

परवा, बुधवारी, जयेशशेठच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की हा कागद मी बाहेर काढतोय. ते पहिल्यांदा हसले. मग दार लावून घेतलं. “शिरीषभाई, उसपे तुम्हारा भी साइन है,” म्हणाले. मी म्हटलं, हो, म्हणूनच तो मला काढता येतो. त्यानंतर ते बरंच बोलले, ते लिहीत नाही. माझा व्हिसा मार्चअखेर संपतो, तो ते पुढे वाढवणार नाहीत. त्याआधीही काढतील कदाचित. उल्का रडली, मग म्हणाली की फेब्रुवारीतच सांगायला हवं होतंस. बरोबर आहे तिचं. आर्याची परीक्षा होईपर्यंत काहीतरी बघू.

आता नीट वाच. सोबतच्या पाकिटात मूळ कागद आहे आणि माझं सही केलेलं निवेदन आहे, मराठीत आणि इंग्रजीत. त्यात तुला कोणी, कधी आणि कुठल्या कामाला लावलं ते सगळं लिहिलंय. हे मी तुमच्या इथल्या वकिलाच्या हातात थेट देऊ शकलो असतो. ‘वर एक मॅटिंग’ तुला कधी कळलंही नसतं, आणि काम झालं असतं. दोन रात्री तसंच करावं असं वाटत होतं. पण पुन्हा तुला न विचारता, तुझ्या पाठीमागे, तुझ्याबद्दलचा कागद या हातातून त्या हातात द्यायचा? ते माझ्याच्याने होईना.

म्हणून हे संतोषच्या भावाबरोबर पाठवतोय, तो रविवारी पोचेल. कागद द्यायचा असेल तर दे. तुझ्या गावात, लीगमध्ये चार लोक वाचतील आणि हसतील, हेही धरून चाल. त्यांच्यासमोर यायचं नसेल तर फाडून टाक, मी श्रेयाला काही बोलणार नाही. द्यायचा ठरवलास तर पाकिटावर वकिलाचा नंबर आहे. मला विचारायची, कळवायची गरज नाही. मी फोन करणार नाही.

माफी मागायला हे पत्र नाही. माफी मागितली तर तू ‘बरंय’ म्हणशील, आणि त्यावर मी झोपून जाईन. मला ते ‘बरंय’ नको.

‘नाही’ म्हणायचा हक्क तू अकरा वर्षांत कमावला होतास. तो मी तुला आज सांगतोय, तुझी बोटं गेल्यावर. वापर, किंवा नको वापरू. माझ्याविरुद्ध वापरलास तरी तो तुझाच आहे.

कागदावर डावीकडची सही माझी. ही खालचीही माझीच.

शिरीष